लूपच्या पहिल्याच थरात शेजारच्या कुकरची शिट्टी आलीये. ठेवू की सगळं परत गाऊ?

पारंबी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय कारण चार रात्री याच विचारात गेल्यात.

मी नाशिकला असते, दिवसा शाळेत शिकवते आणि गेली तीन वर्षं रात्री घरी फक्त आवाजाचे लूप करून संगीत बनवतेय. वाद्य नाही, शब्द नाहीत, दुसरं कुणी नाही. बॉसचं आरसी-३० पेडल (सेकंडहँड), एक कंडेन्सर माइक, लॅपटॉप. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पायाने पेडल दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की जेवढं गायलात तेवढं गोल फिरायला लागतं, मग त्याच्यावर दुसरा थर गायचा, मग तिसरा. या पेडलवर असे दोन ट्रॅक असतात, पण एका ट्रॅकवरचे थर एकमेकात मिसळून जातात. शेवटचा थर पुसता येतो, त्याच्या खालचे नाही. भिंतीला रंग दिल्यासारखं आहे, आतला हात काढायचा तर भिंतच खरवडावी लागते.

सात तुकडे तयार आहेत, पुढच्या महिन्यात स्वतःच रिलीज करणार आहे. त्यातला चौथा माझा सगळ्यात लाडका. ९ मिनिटं २० सेकंद. सा काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी). पहिला थर म्हणजे खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, एक लांब आकार ('आ' करून धरलेला सूर), १४ सेकंदांचा. आणि त्याच्या नवव्या सेकंदाला शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी. गाताना डोळे मिटलेले, कानात हेडफोन, मला पत्ताच लागला नाही, लक्षात आलं तोवर वर चार थर चढले होते. मधे ती दबून जाते. पण शेवटी मी वरचा ट्रॅक बंद करते आणि फक्त खालचा ट्रॅक उरतो, तेव्हा ती शिट्टी अगदी उघडी पडते.

त्यानंतर अकरा वेळा परत गायलेय. सूर बरोबर, लांबी बरोबर, सगळं बरोबर आणि तरी ते नाही. त्या दिवशी दुसरा थर अर्धा श्वास उशिरा पडला होता आणि तो तिथेच जाऊन बसला, आता तसा मुद्दाम पाडायला गेलं की पाडल्यासारखा वाटतो.

तर काय करू? शिट्टी काढायची, ठेवायची की सगळंच सोडून द्यायचं? आणि दुसरं, जरा भीत भीत विचारते, असलं बिनशब्दांचं कुणी ऐकतं का हो?

चहाबाज

किती शिट्ट्या? तीन झाल्या असतील तर डाळ शिजली, गॅस बंद करा आणि रिलीज करा. (लिंक द्या ना, ऐकायचंय खरंच.)

टेपरेकॉर्डर

डबिंग आणि पोस्टमधे बरीच वर्षं काढलीत म्हणून विचारतो. मल्टीट्रॅक आहे (प्रत्येक थर सुटा) की पेडलचं आउटपुट थेट स्टीरिओ घेतलंयस (सगळं एकत्र)? थेट असेल तर अवघड आहे. आवाजाचा स्पेक्ट्रम चित्रासारखा समोर आणून नको ते खोडणारी सॉफ्टवेअर आहेत, शिट्टी, हॉर्न, कुत्रं असलं सगळं निघतं. पण तुझा लूप १४ सेकंदांचा, तुकडा ५६० सेकंदांचा, म्हणजे शिट्टी चाळीस वेळा येणार. आणि प्रत्येक वेळी वरचा गलका वेगळा. चाळीस ठिकाणी चाळीस वेगवेगळ्या शस्त्रक्रिया. पहिल्या दोन-तीन सुबक होतील, मग हात थकतो आणि आवाज प्लास्टिकचा लागायला लागतो. विशेषतः आकार. 'आ' मधे लपायला जागाच नसते, व्यंजन असतं तर काहीतरी खपवता आलं असतं.

पारंबी

थेट स्टीरिओच आहे. पण पेडलच्या मेमरीत ट्रॅक १ सेव्ह आहे, तेवढा सुटा मिळेल (सगळे खालचे थर मिसळलेला, शिट्टीसकट).

चहाबाज, एकच शिट्टी, तीच चाळीस वेळा :) व्यक्तिगत निरोप केलाय, अजून कुणाला ऐकायचं असेल तर सांगा.

जर्सीकर

मस्त धागा. 'कुणी ऐकतं का' याचं उत्तर आधी देतो: हो, मी ऐकतो, कामावर जाता येता ट्रेनमधे हेच. ज्युलियाना बारविक ऐकली आहेस का? नसशील तर आज ऐक. मूळची लुइझियानाची, लहानपणी चर्चमधे बिनवाद्यांचं समूहगायन करायची, पुढे न्यूयॉर्कला आली आणि एकटी, आपल्याच आवाजाचे थर पेडलवर चढवत संपूर्ण अल्बम. पहिलं काम २००६ मधे स्वतःच काढलं, २००९ चा ईपीही (छोटा अल्बम) स्वतःच, आणि २०११ मधे 'द मॅजिक प्लेस' एका छोट्या लेबलवर आला आणि तिचं नाव झालं. लहानपणी शेतावर एक झाड होतं, त्याच्या फांद्या खाली येऊन आत खोलीसारखी जागा झाली होती, पोरं त्यात शिरून बसायची, त्या झाडावरून ते नाव. तुझं इथलं नाव पारंबी बघून मला पहिलं तेच आठवलं.

तिच्या कामात शब्द जवळपास नाहीतच. आणि लोक ऐकतात, रडतात, झोपतात, अभ्यास करतात.

दुसरी टून-यार्ड्स या नावाने गाणारी मेरिल गार्बस. २००९ चा पहिला अल्बम तिने हातात मावणाऱ्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर केला, आपण मीटिंगला वापरतो तसल्या. आजूबाजूचं सगळं आलंय त्यात. तो पहिल्यांदा आला तेव्हा जुन्या कॅसेटींवर होता आणि डाउनलोडला किंमत तुम्ही द्याल ती.

ठेव शिट्टी. माझं मत पक्कं.

कोमल_ऋषभ

थोडं विरुद्ध बोलतो, राग नसावा. मी तीसेक वर्षं ख्याल शिकतोय आणि शिकवतोय. प्रश्न शिट्टीचा नाहीच. प्रश्न हा की जो आवाज एकदा गायला गेला आणि आता बदलणारच नाही, त्याच्याबरोबर गाणं म्हणजे काय? तबलजी माझं ऐकून ठेका जरा सैल सोडतो, जरा ओढतो. तंबोरा छेडणारा माणूस माझा श्वास बघत असतो. तुमचा लूप तुमचं काहीही ऐकत नाही. तुम्ही रडलात तरी तो चौदा सेकंदांनी तेच म्हणणार.

लोक म्हणतात आवर्तन म्हणजे लूपच की. नाही हो. आवर्तनाला सम (तालाची पहिली मात्रा) असते आणि समेवर दर वेळी वेगळ्या वाटेने यायचं असतं. लूपला फक्त सांधा असतो.

ढोलकीवाला_७७

+१ काका. सांध्यावर टक् असा आवाज येतो तो मला फार डाचतो.

टेपरेकॉर्डर

ढोलकीवाला, तो टक् लूपच्या स्वभावातला नाही, चुकीच्या जागी कापल्याने येतो. लाट शून्यावर असताना कापली किंवा दोन टोकं एकमेकांवर किंचित विरघळवली की जातो. गाणाऱ्याने स्वतः करायचं असेल तर सोपं, लूप शांततेत सुरू करा आणि शांततेत संपवा, पेडल दाबल्यावर क्षणभर थांबून गा.

पारंबी

कोमल_ऋषभ काका, राग कसला, तुम्ही म्हणताय ते मलाही रोज जाणवतं. पण माझा अनुभव सांगते. लूप माझं ऐकत नाही हे खरं, म्हणून मला त्याचं ऐकावं लागतं. पहिला थर जरा खाली लागला असेल तर पुढचे सगळे थर त्याच्याशी जुळवून घ्यावे लागतात, तो माझ्याकडे सरकत नाही. क्लासमधे तंबोऱ्याशी जुळवताना बाई सांभाळून घ्यायच्या, इथे सांभाळून घेणारं कुणी नाही. मी पहिला 'आ' लावायच्या आधी वीस-वीस मिनिटं नुसती बसते. इतकी मी परीक्षेच्या वेळी सुद्धा बसले नव्हते.

आणि टक् येत नाही माझ्याकडे, शांततेतच सुरू करते :)

लसावि

माझ्या आवडीचा विषय. इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोचा १९७८ चा अल्बम 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आहे, त्यात एक तुकडा पूर्ण आवाजांचा. तीन बायका आणि तो स्वतः, प्रत्येकी एकच सूर 'आ' करून धरलेला, आणि प्रत्येक सुराची टेप वेगळ्या लांबीची. एक साडेतेवीस सेकंदांची, एक पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश, अशा. टेपी इतक्या लांब की स्टुडिओत खुर्च्यांच्या पायांभोवतून फिरवल्या होत्या. आता त्या परत एका रेषेत कधी येणार? लसावि काढा. त्यामुळे लूप सगळे तेच आणि तरी तेच पुन्हा होत नाही.

काकांच्या आक्षेपाला हे एक उत्तर आहे असं वाटतं. ७ सेकंदांचा आणि ११ सेकंदांचा लूप एकत्र सोडला तर ७७ सेकंदांनी गाठ पडते, आणि खरं सांगतो, ती गाठ कानाला समेसारखी लागते. पारंबी, तुझ्या पेडलवर दोन ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते का?

पारंबी

येते, दोन्ही ट्रॅक आपापल्या लांबीने फिरतात. सहावा तुकडा तसाच केलाय, १३ आणि १७.

लसावि

२२१ सेकंद. ३ मिनिटं ४१. ऐकताना घड्याळ लावून बसणार.

चहाबाज

शाळेत लसावि-मसावि कशासाठी शिकवतात याचं उत्तर आज मिळालं.

ओसरी

मी गाण्यातली नाही, पण पारंबीने लिहिलेलं वाचून आजी आठवली म्हणून लिहिते. आमचं गाव सातारकडचं. आजी पहाटे दळायला बसायची, आम्ही पोरं तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो, जात्याची घरघर आणि तिची ओवी. एकटीच असायची बहुतेक वेळा, आई माहेरी गेली की तर एकटीच. आता विचार केला तर तिचा सगळा ताल त्या फिरण्याचाच होता. खुंटा लांब जातो तेव्हा ओळ ओढायची, जवळ येतो तेव्हा शब्द पडायचे, आणि मूठ दाणे टाकायला हात सुटला की तिथे श्वास. तो श्वास मोठा असायचा, चांगला ऐकू यायचा. आमच्यासाठी तोही ओवीचाच भाग होता. कधी ओवीच्या मधेच "अगं ती शेळी बघ" म्हणायची आणि पुढची ओळ तिथूनच उचलायची, जातं थांबायचं नाही.

हेमा रायरकर आणि गी पॉयतवँ या दोघांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, आता 'पारी'च्या (ग्रामीण भारताबद्दलचं संग्रहालयासारखं काम) संकेतस्थळावर ऐकता वाचता येतात. पारंबी तू जरूर ऐक. एकट्या बाईने गोल फिरणाऱ्या आवाजावर गाणं हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही.

तुझी काकू आणि तिचा कुकर मला तरी त्या शेळीसारखाच वाटला.

घाटमाथा

ओसरी, हे वाचून अंगावर काटा आला. माझी आई पण अशीच.

जर्सीकर

+१००. ओसरीताई वेगळा धागा काढा ओव्यांवर, प्लीज.

मिरजेचा_भोपळा

अवांतर पण अगदीच नाही. आमच्या गल्लीत तंबोरे होतात. घोडीवर (तारा ज्यावरून जातात ती पट्टी) तार जिथे टेकते तिथे घासून घासून जवारी काढतात, म्हणजे नाद घुमेल असा आकार देतात, आणि मग तारेखाली एक सुताचा धागा सरकवतात. तो धागा केसभर पुढेमागे केला की तार एकदम बोलायला लागते, नाहीतर मुकी. लाकूड कापताना, घासताना शेजारी रिक्षा, मशिदीची बांग, शाळेची घंटा सगळं चालू असतं आणि त्यातच कारागीर कान लावून बसलेला असतो. शांतता मिळेल मग ऐकू, असं कुणी म्हणत नाही. (२०२४ मधे मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, सांगायला छाती फुगते.)

काकांच्या 'ऐकत नाही' वर एक विचारतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा पण तुमचं ऐकत नाही की. तो तर आता घरोघरी आहे.

कोमल_ऋषभ

मान्य. आणि मीही रियाजाला तोच लावतो, तंबोरा छेडायला रोज कोण येणार. मुद्दा बरोबर पकडलात.

जाता जाता, या लूपवाल्यांचं आणि आपलं नातं जुनं आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायलीने १९६३ मधे पॅरिसला दोन टेपरेकॉर्डर जोडून आवाज मागे मागे येत राहील अशी रचना करून घेतली, एक मशीन रेकॉर्ड करतं, तीच टेप पुढच्या मशीनवर जाऊन वाजते आणि तो आवाज परत पहिल्यात. तोच माणूस १९७० मधे पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला आणि प्राणनाथ जाईपर्यंत त्यांच्याकडे शिकला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. एकेका सुरावर अर्धा-अर्धा तास. म्हणजे लूप सोडून तो सुराकडे आला असंही म्हणता येईल, किंवा लूपमुळेच त्याला तो ठेहराव कळला असंही. मी पहिलं म्हणायचो, आज ओसरीताईंचं वाचून दुसरंही खरं असेल असं वाटायला लागलंय.

पारंबी, मलाही लिंक पाठवा.

ढोलकीवाला_७७

काका नरमले!! आजची तारीख लिहून ठेवा.

टेपरेकॉर्डर

शिट्टीच्या बाजूने एक दाखला मीही देतो. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं १९६५ चं 'इट्स गॉना रेन'. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमधे एक धर्मोपदेशक रस्त्यावर नोहाच्या पुराची गोष्ट ओरडून सांगत होता, ते राइशने टेप केलं. तेवढ्यात एक कबुतर उडालं. त्याच्या पंखांची फडफड त्या तुकड्यात आहे आणि लूप झाल्यावर ती ढोलासारखी वाजत राहते. पुढे दोन मशिनं किंचित वेगळ्या वेगाने धावल्यामुळे आवाज हळूहळू सरकत गेला आणि त्यातून त्याची सगळी पद्धत निघाली. ते कबुतर काढलं असतं तर आवाज स्वच्छ झाला असता आणि ताल गेला असता.

पण सावध करतो: कबुतर चालतं म्हणून काहीही चालतं असं नाही. ते कबुतर तालात बसलं. तुझी शिट्टी कशात बसते? तुकडा मी ऐकला. सुंदर आहे, अगदी मनापासून. पण शेवटी ती शिट्टी एकटी पडते, तिच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून ती चूक वाटते.

कोमल_ऋषभ

ऐकलं. दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा दिवा घालवून.

पहिलं, तुमचा खर्ज चांगला आहे, त्याच्यामागे कुणीतरी नीट बसवून घेतलेलं दिसतं. दुसरं, तुम्ही सबंध तुकड्यात सा रे ग प ध एवढंच लावलंय, म्हणजे भूप रागाचे सूर, थर एकावर एक आल्याने राग असा उरत नाही पण वास भूपाचाच. आता ती शिट्टी. आधी नुसती वाफ फुसफुसते आणि मग सूर धरते. हार्मोनियम घेऊन बसलो. दोनेक सप्तकं वर आहे, पण सूर बघाल तर तुमच्या काळी चारच्या सा ला तीव्र मध्यम. जरासा उतरलेला.

भूपात तीव्र मध्यम आला की काय होतं? शुद्ध कल्याण रागाकडे जायची वाट उघडते. तिथे आरोह भूपाचाच, पण उतरताना पंचमावरून गंधारावर मींडेत (न तोडता सरकत) येताना तीव्र मध्यमाला निसटता स्पर्श होतो. उभं राहायचं नाही त्याच्यावर, नुसतं त्याच्या अंगणातून जायचं.

म्हणजे तुमच्या वरच्या ट्रॅकमधे, शेवटी, नवव्या सेकंदाला एक प ते ग मींड हवी. शिट्टी त्या मींडेच्या मधे पडेल. मग ती एकटी नाही राहणार.

लसावि

काका!!!

ओसरी

मला यातलं अर्धं कळलं नाही पण डोळ्यात पाणी आलं.

मिरजेचा_भोपळा

याला म्हणतात धागा केसभर सरकवणं.

पारंबी

काका, काय बोलू. मी त्या शिट्टीचा सूर कधी बघितलाच नाही. तीन आठवडे ती आहे म्हणून चिडत होते, ती कुठे आहे हे बघितलंच नव्हतं.

पेडलच्या मेमरीत ट्रॅक १ आहेच. तो चालू ठेवून वरचा सगळा ट्रॅक नव्याने गाते. दुसरा थर, तो उशिरा पडलेला, खालच्याच ट्रॅकवर आहे त्यामुळे तो राहील. शनिवारी रात्री बसते.

जर्सीकर

तोवर रिलीजबद्दल बोलू, कारण त्यात लोक फसतात. माझा एक मित्र असंच काहीतरी काढतो. नऊ मिनिटांचा तुकडा स्ट्रीमिंगवर टाकलास तर स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजतं, पुढची पावणेनऊ मिनिटं कुणी ऐकली काय न ऐकली काय, हिशोब तोच. शिवाय २०२४ पासून एखाद्या गाण्याला वर्षभरात १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. असल्या संगीताला हे दोन्ही नियम मारक आहेत. टाकू नकोस असं नाही म्हणत, सापडायला उपयोग होतो. पण खरं घर बँडकॅम्प, कलाकार थेट ऐकणाऱ्यांना संगीत विकतात ते संकेतस्थळ. डिजिटलवर ते १५ टक्के घेतात, बाकी तुझं, पेमेंटवाल्यांची फी जाऊन. किंमत ऐकणाऱ्यावर सोडता येते. आणि ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटा सोडतात, २०२० च्या मार्चमधे लॉकडाउन लागलं तेव्हा सुरू केलेली प्रथा. आधी बघून ठेव कुठला शुक्रवार आहे ते.

घाटमाथा

भारतातून करणाऱ्यांसाठी जोडतो, मी ॲम्बियंट गिटारचे दोन अल्बम काढलेत. पैसे पेपालवर येतात. त्यासाठी पॅन लागतं, बँक खातं जोडावं लागतं आणि बाहेरून पैसे कशाबद्दल आले त्याचा पर्पज कोड निवडावा लागतो. हे सगळं रिलीजच्या आधी करून ठेव, मी नंतर केलं आणि पहिल्या आठवड्यात जे चौदा लोक आले त्यातले काही परत गेले.

आणि कव्हरवर, माहितीत सगळीकडे मराठी नाव देवनागरीत ठेव. माझ्या वितरकाने माझा एक तुकडा 'यात संगीत नाही, फक्त गोंगाट आहे' अशा अर्थाची मेल पाठवून परत केला होता, आठ दिवस भांडत होतो. तुझ्यात तसं काही झालं तर घाबरू नकोस, माणसाने बघावं अशी विनंती कर, माझं त्यानंतर झालं.

चहाबाज

चौदा लोकांमधे मी होतो, मी परत नाही गेलो.

घाटमाथा

ते तुम्ही होतात??? चहा माझ्याकडून.

ढोलकीवाला_७७

मला एक सांगा, हे स्टेजवर कसं करतात? समोर लोक बसलेत आणि तुम्ही पहिला थर गाताय, तोवर ते काय करणार?

पारंबी

बघतात. आमच्या सोसायटीत कोजागिरीला केलं होतं. पहिल्या मिनिटाला चुळबूळ, एक आजोबा म्हणाले कॅसेट लावलीये. मग मी मधेच गाणं थांबवून पाणी प्यायले आणि माझा आवाज चालूच राहिला तेव्हा सगळी पोरं पुढे येऊन बसली, पायाकडे बघत. एकीने विचारलं, ताई तुझ्या आत किती जणी आहेत. मला तेव्हा सात थर होते, मी सात म्हणाले.

ओसरी

अगं किती गोड.

टेपरेकॉर्डर

शनिवार झाला, रविवार झाला. पारंबी?

पारंबी

आले. उशीर झाला, शाळेत पेपर तपासणी आहे.

शनिवारी रात्री अकराला बसले. खालचा ट्रॅक सोडला आणि पंधरा मिनिटं नुसती शिट्टी ऐकली. मोजत नाही, वाट बघत. मग वरचे तीन थर नेहमीचे. शेवटच्या थरात पंचमावरून निघाले, आणि काका, पहिल्या वेळी मी शिट्टीवर जाऊन थांबले, तिच्याशी सूर जुळवायला. दोघी एकमेकींवर आदळल्या, शिट्टी जरा उतरलेली आहे ना, त्यामुळे आवाज थरथरायला लागला. दुसऱ्यांदा घाईत निघून गेले. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात तसं, अंगणातून. ती आली तेव्हा मी वाटेतच होते. पुढे गंधारावर पोचले आणि श्वास घेतला, तो पण आलाय, ठेवलाय.

वरचा ट्रॅक एकदम बंद नाही केला, हळूहळू उतरवला. आता शेवटी खालचा ट्रॅक आणि त्यातली शिट्टी एवढंच राहतं, पण ती मींड आधी पंधरा-वीस वेळा ऐकलेली असते त्यामुळे नसतानाही ऐकू येते. मला तरी येते. तुम्ही सांगा, लिंक सगळ्यांना पाठवलीये.

कोमल_ऋषभ

मलाही येते.

गंधारावर जरा जास्त थांबला असतात तरी चाललं असतं. पण हे गाणं आहे, मी माझा पहिला आक्षेप मागे घेतो. पुढच्या वेळी नाशिकला आलो की भेटू, तंबोरा घेऊन येतो, माणसाने छेडायचा.

टेपरेकॉर्डर

काही करू नकोस. कॉम्प्रेशन (लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणं) नको, काही नको. आवाज फार वर ओढू नकोस, शांत जागा शांत राहू दे. मास्टरिंग (रिलीजआधीचा शेवटचा हात) मी करून देतो, पैसे नको, ट्रॅक १ ची सुटी फाइल पण पाठव, शेवट बघायला लागेल.

लसावि

२१ सेकंद बाकी असताना जे होतं ते काय आहे? दोन शिट्ट्या ऐकू आल्या मला.

पारंबी

दुसरी आजची आहे :) म्हणजे शनिवारची. काकू रात्री साडेअकराला कुकर लावत होत्या, मुलगा पुण्याहून उशिरा आला म्हणून. रविवारी मी त्यांना बोलावून हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण नऊ मिनिटं ऐकलं त्यांनी, मधे एकदा माझा हात धरला. शेवटी म्हणाल्या, पहिली शिट्टी तूरडाळीची आहे, गुरुवार होता, दुसरी भाताची. आणि मग, नाव काय दिलंस गं याला?

अजून दिलं नव्हतं. आता 'गुरुवार' दिलंय.

घाटमाथा

शुक्रवारी किती वाजता टाकतेयस? गजर लावतो.

चहाबाज

मी पण. यावेळी पहिला नंबर माझा.